वांग्यांच्या वाफ्यात उगवलेलं हे झाड धोतऱ्याचं आहे का? ओळखायला मदत हवी

नमस्कार मंडळी,

आम्ही यावल तालुक्यात राहतो. परसात भरताच्या वांग्यांची रोपं लावली आहेत. त्याच वाफ्यात एक झाड आपोआप उगवलंय. कोवळं असताना हुबेहूब वांग्याचं दिसत होतं, त्यामुळे निंदणीत वाचलं. आता वांगी वीतभर आणि हे गुडघ्याच्या वर गेलंय.

खोड काळपट जांभळं, तुकतुकीत. पान वांग्याएवढंच रुंद, पण वांग्याच्या पानाला खालून लव असते तशी इथे नाही. शिवाय देठापाशी पानाची एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. हाताला पिशवी गुंडाळून एक पान चुरगळलं तर उग्र, घाण वास आला. काटे कुठेच नाहीत, म्हणजे रिंगणी नक्की नाही. बेचक्यात एक लांबट कळी आहे, मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली. फळ अजून धरलेलं नाही, नाहीतर काटेरी बोंडावरून लगेच कळलं असतं.

मला हा काळा धोतरा वाटतोय. सासूबाई म्हणतात, रस्त्याकडेच्या धोतऱ्याचं खोड हिरवं असतं, हे दुसरंच काहीतरी. आणि धोतरा असेल तर उलट राहू दे, श्रावणात महादेवाला फूल होईल. त्यांचं मन मला मोडायचं नाही. पण रविवारी कानबाईचे रोट आहेत, घर पाहुण्यांनी भरणार, जाऊबाईंची दोन लहान मुलं दिवसभर परसातच खेळणार. धोतऱ्याचं पान, फूल, बी सगळंच विषारी. पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो. रस लागलेला हात डोळ्याला लागला तरी अंधुक दिसायला लागतं. लहान पोरांच्या बाबतीत मला जराही धोका नको.

जांभळ्या खोडाचा धोतरा आपल्या भागात कुणी पाहिलाय का? फूल उमलायच्या आत खात्री करायची तर नेमकं काय बघावं? उपटून उकिरड्यावर टाकावं तर तिथे शेजारच्यांच्या शेळ्या तोंड घालतात, मग खड्ड्यात पुरलं तर चालेल ना? आणखी एक, वांगं आणि धोतरा एकाच कुळातले, मुळंही आता एकमेकांत गुंतली असतील. लगतच्या वांग्यांचं भरीत खायला हरकत नाही ना?

पालच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायचं झालं तर झाड मुळासकट न्यावं लागेल की कळीची फांदी पुरेल? रविवारच्या आत काय ते ठरवायचं आहे.