भौतिकशास्त्रासाठी गणित आधी किती शिकावे?

सीमारेषा (प्रश्न)

मी तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असून माझा मुख्य विषय भौतिकशास्त्र आहे. पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करण्याची इच्छा असल्याने फेब्रुवारीतील जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. अडचण अशी की क्वांटम मेकॅनिक्स वाचायला घेतले तेव्हा दुसऱ्याच प्रकरणात ऑपरेटर आणि आयगेन व्हॅल्यू आल्या, म्हणून मी लिनिअर अल्जेब्राकडे वळलो; तिथल्या सिद्धता नीट कळेनात, म्हणून रिअल अ‍ॅनालिसिस (सीमा, सातत्य यांचे काटेकोर गणित) उघडले; आणि आता सेट थिअरीपासून सुरुवात करावी की काय असे वाटू लागले आहे. या मागे मागे जाण्यात सत्र संपत आले, पण भौतिकशास्त्राचे पान काही उलटले गेले नाही.

जाणकारांना विचारायचे आहे की गणिताचा पाया आधी पूर्ण करावा, की दोन्ही विषय बरोबरीने चालवावेत? दुसरे असे की सोडवलेली उदाहरणे वाचताना सगळे समजते, मात्र पुस्तक मिटून तेच गणित करायला बसलो की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. यावर काय करावे?

कोनीय_संवेग

पाया ‘पूर्ण’ कधीच होत नाही, त्यामुळे तो पूर्ण होण्याची वाट पाहू नका. १९२५ मध्ये हायझेनबर्गने क्वांटम मेकॅनिक्सचा आपला पहिला निबंध लिहिला, तेव्हा त्याला मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांत मांडलेले संख्यांचे तक्ते) ठाऊक नव्हत्या. त्याने मांडलेला विचित्र गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचाच गुणाकार आहे, हे माक्स बॉर्नच्या लक्षात आले. आइन्स्टाइननेही १९१२ मध्ये झ्युरिकला परतल्यावर, गरज पडली तेव्हा, ग्रोसमान या वर्गमित्राच्या मदतीने वक्र अवकाशाची भूमिती शिकून घेतली. आपण हायझेनबर्ग नाही हे मान्य, पण गरजेपोटी शिकलेले गणित डोक्यात टिकते, हे आपल्यासारख्यांच्या बाबतीतही खरे आहे.

तुमच्या टप्प्यावर लागणारे गणित फार नाही. सांत मितींचे लिनिअर अल्जेब्रा (बेसिस, इनर प्रॉडक्ट, हर्मिशियन मॅट्रिक्स, डायगोनलायझेशन), साधी डिफरन्शियल समीकरणे, फूरिए मालिका आणि थोडे कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस एवढ्यावर पहिला अभ्यासक्रम आरामात निघतो. मात्र हे हाताने करायला हवे. स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) दाखवणाऱ्या पाउलीच्या तीन मॅट्रिक्स घ्या, प्रत्येकी दोन ओळी आणि दोन स्तंभ. क्ष-दिशेच्या मॅट्रिक्सने य-दिशेच्या मॅट्रिक्सला गुणा, मग क्रम उलटा करून पुन्हा गुणा. दोन्ही उत्तरांत फक्त चिन्हाचा फरक पडलेला दिसेल. स्पिनचे क्ष आणि य घटक एकाच वेळी निश्चित का नसतात, ते या कागदावरच्या गुणाकारात आहे.

आता याच्या एक पायरी पुढे जा. कोणत्याही दोन सांत चौरस मॅट्रिक्सचा गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी ट्रेस (मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज) तोच येतो, आणि ही सिद्धता दोन ओळींची आहे. म्हणजे स्थान आणि संवेग यांच्या कम्यूटेटरचा (दोन्ही क्रमांच्या गुणाकारांतील वजाबाकीचा) ट्रेस शून्य यायला हवा. पण क्वांटमच्या नियमात या कम्यूटेटरच्या उजव्या बाजूला तर युनिट मॅट्रिक्स गुणिले एक शून्येतर संख्या आहे, तिचा ट्रेस शून्य कसा येईल? यावरून निष्कर्ष एकच निघतो, की स्थान आणि संवेग सांत मॅट्रिक्सनी दाखवताच येत नाहीत, तिथे अनंत मितींचे अवकाश लागते. अ‍ॅनालिसिसची गरज खऱ्या अर्थाने इथे उभी राहते, आणि आता ते पुस्तक उघडले तर आपण काय शोधतो आहोत हे तुम्हाला माहीत असेल.

एप्सिलॉन

वरच्या प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, पण ‘अ‍ॅनालिसिस नंतर’ या सल्ल्याचा भौतिकशास्त्राचे विद्यार्थी सोयीस्कर अर्थ लावतात आणि ते ‘नंतर’ कधी उगवत नाही. एक उदाहरण देतो. ‘न’ ही एक नैसर्गिक संख्या धरा; शून्यापासून १/न पर्यंतच्या खुल्या अंतरात उंची न आणि इतरत्र उंची शून्य, असे एक फलन घ्या. त्याखालचे क्षेत्रफळ दर वेळी १ येते. हा ‘न’ वाढवत नेला तर कोणताही एक बिंदू घेतला तरी तिथली किंमत शेवटी शून्यच होते, म्हणजे सीमा-फलनाखालचे क्षेत्रफळ शून्य. आधी सीमा आणि मग इंटिग्रेशन केले तर शून्य, उलट क्रमाने केले तर एक! क्वांटमच्या पुस्तकांत ही अदलाबदल पानोपानी, न सांगता केलेली असते. डिरॅकच्या डेल्टा फलनाची (एका बिंदूखेरीज सगळीकडे शून्य, तरी खालचे क्षेत्रफळ १) सगळी गंमत याच दरीत आहे. डिरॅकने ते बेधडक वापरले, आणि त्याला पक्की बैठक गणितज्ञ लोराँ श्वार्ट्झच्या डिस्ट्रिब्यूशनच्या सिद्धांताने १९४० च्या दशकात दिली. त्या कामासाठी श्वार्ट्झला १९५० मध्ये फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला. तेव्हा भौतिकशास्त्र पुढे चालू ठेवा, पण जिथे पायरी गाळल्याची शंका येईल तिथे समासात खूण करा आणि सुट्टीत त्या खुणा घेऊन बसा.

सिद्धता कळत नाहीत म्हणता, त्याबद्दल: सिद्धता वाचण्याआधी प्रमेयातली एकेक अट काढून पाहा. बंद अंतरावरचे सलग फलन बद्ध असते (त्याच्या किमती एका मर्यादेबाहेर जात नाहीत), हे प्रमेय घ्या. ‘बंद’ हा शब्द खोडला की १/क्ष हे फलन शून्य ते एक या खुल्या अंतरावर लगेच आडवे येते. ‘सलग’ खोडून काय होते ते तुम्ही शोधा. मग सिद्धतेत ती अट नेमक्या कोणत्या ओळीत वापरली आहे ते हुडका; ती ओळ सापडली की बाकीची सिद्धता बहुतेक वेळा आपोआप सुटते.

सीमारेषा

दोघांचेही आभार. ट्रेसचा युक्तिवाद आजच करून पाहिला आणि पटला. उदाहरणे सोडवण्याबद्दलही कुणी लिहावे. तयार उत्तरे नेटवर मिळतात, पण ती कधी पाहावीत हे ठरवता येत नाही.

निवृत्त_मास्तर

तुझा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण मी वर्गात वर्षानुवर्षे हेच पाहिले आहे. सोडवलेले गणित वाचून ‘समजले’ असे वाटते त्याचे कारण कोणती वाट धरायची हा निर्णय लेखकाने आधीच घेतलेला असतो, आणि गणितातला अवघड भाग तोच असतो. म्हणून उत्तर पाहण्याआधी निदान आकृती, ज्ञात-अज्ञात राशी आणि उत्तराचे एकक कोणते असेल एवढे कागदावर उतरव. त्यानंतर उत्तर कोणत्या टोकाला काय व्हायला हवे याचा अंदाज बांध. कप्पीवर दोरीने टांगलेल्या दोन वस्तुमानांचे साधे गणित घे: वस्तुमाने सारखी असली तर त्वरण शून्य यायला हवे, आणि एक वस्तुमान शून्य केले तर दुसरे मुक्तपणे खाली पडायला हवे. या दोन अटींवरूनच सूत्राच्या अंशात वस्तुमानांची वजाबाकी असणार हे ताडता येते. समीकरण नंतर मांडलेस तरी चालेल. इतके करूनही अडलास तर उत्तराच्या पहिल्या दोन ओळी पाहा, पुस्तक मिटून पुढे जा, आणि आठवड्याने तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा कर.

जॅमसाठी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. क्वांटमसाठी एनपीटेल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. बालकृष्णन यांची व्याख्याने फुकट आहेत. ती वही-पेन घेऊन, मध्ये थांबवत ऐकावीत. गणिताची गोडी टिकली तर उन्हाळ्यातील एम.टी.टी.एस. या गणित शिबिराची माहिती काढ. प्रा. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या शिबिरात व्याख्यान झोडण्याऐवजी मुलांना फळ्यापाशी उभे करून बोलते करतात, आणि तालुक्याच्या गावातून आलेल्या, प्रश्न विचारायला बिचकणाऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. तुझ्या मागच्या वर्गातील मुलांना माधव गणित स्पर्धेबद्दलही सांग. ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच असते, आणि तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका तुलाही अ‍ॅनालिसिसच्या सरावाला उपयोगी पडतील.