खाडा पडला की पुन्हा सुरू कसं करायचं? (वजन – मदत हवी आहे)

कॅशियरबाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय 44, उंची पाच फूट दोन इंच, वजन 78. कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर, म्हणजे दहा ते सहा खुर्चीत. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) 6.1 आली. डॉक्टर म्हणाले, "अजून शुगर नाही, पण उंबऱ्यावर आहात. पाच-सहा किलो उतरवा, तीन महिन्यांनी या." दोन मिनिटांत मी बाहेर. जसं काही पिशवीतून पाच किलो काढून त्यांच्या टेबलावर ठेवायचे होते.

काय खायचं, काय नाही हे मला पाठ आहे. भाकरी, उसळ, ताक, चहात साखर नको, रात्री लवकर जेवा, चाला. त्यासाठी धागा नाही. माझी अडचण अशी की मी सुरू करते आणि थांबते.

पाडव्याला सुरू केलं होतं. पहाटे साडेपाचला रंकाळा. नवरा आधीपासून मित्रांबरोबर जातो, पण त्यांची फेरी मिसळीच्या टेबलावर संपते. (चालून आलोय म्हणून दोन पाव जादा. वीस वर्षांत वजन कुठल्या दिशेला गेलं ते विचारू नका.) म्हणून मी एकटी, शालिनी पॅलेसपर्यंत जाऊन परत. अकरा दिवस न चुकता. बाराव्या दिवशी गडहिंग्लजला पुतणीचं लग्न निघालं, तीन दिवस तिकडेच. परत येऊन काट्यावर उभी राहिले तर दोन किलो वर! अकरा दिवसांत उतरलं होतं सव्वा किलो. त्या दिवशी जे बसले ते बसलेच. "सोमवारपासून" म्हटलं, सोमवारी मुलाला ताप. मग "एक तारखेपासून". मग पाऊस लागला, आणि इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. काल दिवाणाखालून बूट काढले तर त्यांवर बुरशी.

त्याआधीचा इतिहासही असाच. झुंबा नऊ दिवस. मोबाइलवर कॅलरी मोजायचं ॲप तीन आठवडे (पोहे "एक कप" म्हणजे कुठला कप, हे शेवटपर्यंत कळलं नाही). जिमची वर्षाची फी भरून चौदा वेळा गेले. दर वेळी ठेच त्याच दगडाला: एक खाडा. दहा रुपयांची कॅश जुळली नाही तर मी रात्री आठपर्यंत बसून ते दहा रुपये शोधते, आणि इथे एक दिवस चुकला की अख्खं खातंच बंद करते.

तर ज्यांना जमलंय त्यांनी एवढंच सांगा, की खाडा पडल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही नेमकं काय करता? "मनाचा निर्धार हवा" हे कृपया नको, ते नणंदेने सांगून झालंय.

घरची परिस्थिती: स्वयंपाक सासूबाईंचा. माझं वेगळं काही शिजणार नाही आणि मला ते मागायचंही नाही. रविवारी मटण, त्यावर चर्चा नाही. आणि दिवाळी तोंडावर आहे, त्यामुळे सगळे म्हणतात आता दिवाळीनंतरच कर. करू का?

तिखटमीठलावा

थायरॉइड तपासलंय का? पाळी नियमित आहे का? झोप किती? घोरता का? आधी हे बघा, मग स्वतःला नावं ठेवा. माझा टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढलेला होता आणि मी दोन वर्षं आळशी म्हणून ऐकून घेत होते.

उंटावरचा

डॉ. दीक्षितांची जेवणाची पद्धत करा. दिवसातून दोनदा, भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांत जेवून मोकळं व्हायचं. मधे काही नाही. मी नऊ किलो उतरवले. विषय संपला.

शेंगदाण्याचा_लाडू

संपला नाही. माझी बहीण दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊन उतरली.

हळदीकुंकू

झालं सुरू! 2018-19 मध्ये आमच्या सोसायटीत दीक्षितवाले आणि दिवेकरवाले (म्हणजे ते दर दोन तासांनी खाणारे) संध्याकाळी वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. बाई विचारतेय काय, आपण सांगतोय काय. ती म्हणतेय पद्धत कुठलीही धरली तरी बाराव्या दिवशी सुटते. त्याचं बोला.

सातबारा

ताई, पावण्याला सांगा मिसळ आठवड्यातनं एकदाच, आणि तुम्ही दोघं संगंच चाला. सोबत असली की उठवतं माणूस. मी स्वतः रोज दहा हजार पावलं टाकतोय, मोबाइलवर मोजून.

तिखटमीठलावा

अवांतर: दहा हजार हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मापक" असं होतं. तिथून जगभर पसरला. आकडा वाईट नाही, पण 6,200 झाली म्हणून कुणी रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालू नका. (आमच्याकडे घालतात.)

लोणच्याची_बरणी

कॅशियरबाई, मी तुमच्याच जातकुळीची. 86 वरून 75 वर आले, चौदा महिने लागले. त्यातले तीन किलो परत आलेत, हेही सांगून टाकते, म्हणजे मी कोणी साध्वी नाही हे कळेल.

मला जे लागू पडलं ते सांगते. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्यावर दुधाचे खाडे लिहायची सासूबाईंच्या काळापासूनची पद्धत. दूध आलं नाही त्या तारखेवर फुली, जास्त घेतलं तर "+½". महिनाअखेरीस फुल्या मोजायच्या, वजा करायच्या, पैसे द्यायचे. एकदा दूधवाल्याचा हिशेब करताना डोक्यात आलं की या माणसाने गेल्या महिन्यात चार खाडे केले आणि मला त्याचा रतीब बंद करायचं सुचलंसुद्धा नाही. मग त्याच चौकोनात, दुधाच्या खाली, मी माझं लिहायला लागले. चालले त्या दिवशी काही नाही. नाही चालले त्या दिवशी बारीक "ख". फक्त खाडाच लिहायचा. पहिल्या महिन्यात चौदा "ख" होते, दुसऱ्यात अकरा. वर्षभरानंतरही महिन्याला सहा-सात असतातच. ओळीने तीन "ख" येऊ द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम ठेवला. दोन चालतात. तिसऱ्या दिवशी काहीही करून दहा मिनिटं, गच्चीत, चपला घालून का होईना.

दहा मिनिटांनी वजन उतरत नाही, हे मलाही कळतं. पण तिसरा "ख" वाचतो.

दुसरं म्हणजे तुमचा तो दोन किलोचा काटा. ती चरबी नव्हती हो. एक किलो चरबीच्या मागे साधारण 7,700 कॅलरी असतात. तीन दिवसांत दोन किलो चढवायचे तर रोजच्या जेवणाच्या वर पंधरा हजार कॅलरी खायला लागतील. गडहिंग्लजकरांनी कितीही आग्रह केला तरी ते जमत नाही. लग्नात मीठ पोटात जातं, भात-जिलबी जाते, शरीर ते साठवताना पाणी धरून ठेवतं, जागरण झालेलं असतं. चार-पाच दिवसांत ते पाणी आपोआप जातं. आणि तुमच्या सव्वा किलोतलंही काही पाणीच असणार, तेव्हा त्याचाही फार अभिमान नको! मी काटा कपाटावर ठेवलाय, पंधरा दिवसांनी एकदा खाली येतो, लग्नाच्या किंवा सणाच्या आठवड्यात अजिबात नाही.

तिसरं, वेगळा स्वयंपाक नको म्हणता ना? मग तेलाच्या डब्यावर तारीख टाका. आमच्याकडे चार माणसांना महिन्याला पाच लिटर लागायचं. हिशेब तुमचाच विषय आहे, करून बघा: माणशी रोज चाळीस मिली, म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. मी कोणाला काही बोलले नाही. फोडणीला पळी होती तिच्या जागी छोटा चमचा आणून ठेवला. सहा महिन्यांत तीन लिटरवर आलो. माणशी रोज सव्वाशे कॅलरी गेल्या आणि जेवणाच्या ताटावर एकही भांडण झालं नाही.

आणि उपासाचं विसरू नका. एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि दाण्याचं कूट. मी संकष्टीला वरी आणि ताकावर आले, तेवढंच.

गोळ्या_नंतर

पेशाने डॉक्टर आहे, इथे बसून कोणाला तपासत नाही, सर्वसाधारण सांगतो. 5.7 ते 6.4 ही मधुमेहपूर्व पातळी. तिथून मागे फिरता येतं, हे चांगल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात लोकांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: 7 टक्के वजन उतरवा आणि आठवड्याला 150 मिनिटं चाला. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या 78 किलोंचे 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो. तुमच्या डॉक्टरांनी आकडा हवेतून काढला नव्हता, फक्त दोन मिनिटांत सांगितला.

पण तुमच्यासाठी मला चेन्नईचा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो, 2006 चा. तिथे आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांमध्ये धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं! तेव्हा काटा हलला नाही म्हणून चालणं फुकट गेलं असं समजू नका. काट्याऐवजी टेप घ्या. आपल्याकडच्या बाईचा कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत असावा असं धरतात. महिन्यातून एकदा मोजा, पोट आत न ओढता.

150 मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. दोन खाडे त्यात आधीच धरलेले आहेत. चालताना छातीत दुखलं, दम जास्त लागला तर मात्र थांबून लगेच दाखवा. आणि थायरॉइडचं वर जे विचारलंय ते खरंच करून घ्या.

उंटावरचा

दिवाळीनंतर वगैरे काही नाही. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न, मग लग्नसराई, मग संक्रांत, तिळगूळ. मराठी माणसाला सुरू करायला मोकळा महिना पंचांगात नाही.

(हळदीकुंकू, बघा, मी दीक्षितांचं नाव घेतलं नाही.)

कॅशियरबाई

सगळ्यांचे आभार. टीएसएच केला, नॉर्मल आला, त्यामुळे ते निमित्तही गेलं. घोरण्याबद्दल नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला झोप लागलेली असते." कोण कोणाला विचारणार.

बरणीताई, तुमचा दूधवाला वाचून मी कॅश काउंटरवर हसले, समोरच्या आजोबांना वाटलं त्यांच्या सहीला हसले. आमच्याकडेही कालनिर्णयच आहे आणि दुधाचे खाडे मीच लिहिते. इतक्या वर्षांत हे मला दिसलं नाही.

आज सकाळी गेले. बुटांना वास येत होता. शालिनी पॅलेसपर्यंत नाही, अर्ध्यातून परतले.

कॅशियरबाई

धागा वर काढतेय, पाच आठवडे झाले. बरेच जण व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारत होते म्हणून हिशेब देते.

पस्तीस दिवसांत चौदा "ख". लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज यांत ओळीने तिसरा पडणार होता. भाऊबीजेला रात्री साडेनऊला भावाच्या घराच्या जिन्यावर दहा मिनिटं चढउतार केली. वहिनीला वाटलं मी रागावून बाहेर गेले. समजूत काढायला चकल्या घेऊन आली. (दोन खाल्ल्या.)

वजन काल केलं, 77. म्हणजे किलोभर, त्यातलं पाणी किती देव जाणे. कंबर तीन सेंटीमीटर कमी, आणि ते मात्र खरं असावं, कारण पंजाबी ड्रेसची नाडी आता गाठ मारून उरते. नवरा बुधवारी आणि शनिवारी माझ्याबरोबर येतो, बाकीचे दिवस त्याच्या मिसळ मंडळाबरोबर. सातबारा, सोबतीचं तुमचं बरोबर होतं, तो असतो तेव्हा गजर बंद करून झोपता येत नाही.

आता नवीन अडचण. पळीच्या जागी छोटा चमचा ठेवला होता, तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. परवा रविवारी सासूबाईंनी तांबड्या रश्श्याचं पातेलं उघडलं, बराच वेळ आत बघत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "कट कुठं गेला?" मी म्हटलं, "मटण कोवळं असेल." त्यांनी काही उत्तर दिलं नाही. पण आज सकाळी तेलाच्या डब्याशेजारी जुनी पळी घासूनपुसून ठेवलेली आहे.

खरं सांगून टाकू, की रविवारपुरती पळी परत येऊ देऊ?