वसंतातल्या वादळांचा अंदाज ऐन वेळी का फिरतो?

निरभ्र:
बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे. इथे अमेरिकेत मार्च ते मे सकाळपासून फोनवर अलर्ट सुरू, जोरदार वादळ येणार, गारा पडणार, वारा सुटणार, सगळं सांगून झालेलं असतं, मुलांच्या मॅचेस रद्द, गाड्या आत घेतलेल्या, आणि संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन. तिकडे चाळीसेक किलोमीटरवर मात्र गारांनी काचा फुटलेल्या. आणि एखाद्या दिवशी नकाशावर नुसतं १५ टक्के लिहिलेलं असतं तर ते नेमकं आपल्याच डोक्यावर येऊन आदळतं. मॉडेल्स एवढी सुधारली म्हणतात, मग असं का होतं? अंदाज देणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीयेत, खरंच समजून घ्यायचंय.

ढगवेडा:
आधी ते १५ टक्के बघू, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. अमेरिकेत नॉर्मन, ओक्लाहोमाला स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, त्यांच्या नकाशातले १५ टक्के म्हणजे कुठल्याही एका ठिकाणापासून साधारण ४० किलोमीटरच्या आत तीव्र वादळ होण्याची शक्यता. आणि तीव्र म्हणजे नुसता गडगडाट नव्हे, एक इंच किंवा त्याहून मोठी गार, ताशी ९३ किलोमीटर किंवा जास्त वारा, नाहीतर टोर्नेडो. असलं काही एरवी कुठल्याही दिवशी घडण्याची शक्यता नगण्य असते, त्यामुळे १५ हा खूप मोठा आकडा आहे, पावसाच्या टक्क्यांसारखा तो वाचायचा नाही.

आता ऐन वेळी काय फिरतं ते. जमिनीलगत दमट हवा, वर थंड हवा, उंचीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलणं म्हणजे विंड शिअर, आणि हवेला वर ढकलणारं काहीतरी, एवढं जमलं की वादळ होतं. पहिल्या तीन गोष्टी मॉडेल दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगतं. खरी गोची कॅपची आहे. दमट हवेच्या वर, साधारण दीड-दोन किलोमीटरवर, कोरड्या उंच पठारांवरून वाहत आलेल्या गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. दुपारी तीन-चारला आकाशाकडे बघत उभे राहा, ढगांचे मनोरे वर चढताना दिसतील, कडा अगदी रेखीव पांढऱ्या, आणि एका ठराविक उंचीला पोचले की कडा धूसर होतात, माथा विरतो, शेजारी दुसरा उठतो आणि तोही तिथेच विरतो. म्हणजे कॅप अजून तुटलेली नाही. खालचं तापमान किंवा दवबिंदू (हवेत ओलावा किती त्याचं माप) एखाद-दोन डिग्रीने इकडे तिकडे झाला की एका तालुक्याएवढ्या भागात तुटते आणि बाजूच्या भागात नाही, आणि जिथे तुटते तिथे अर्ध्या-पाऊण तासात गारांचं वादळ उभं राहतं. कॅप अगदीच कच्ची असली तरी गंमत वेगळी, दुपारीच सगळीकडे ढग फुटतात, एकमेकांची हवा खातात आणि कुठलंच फार मोठं होत नाही. म्हणून मला स्वतःला दिवसभर ऊन असलेला दिवस जास्त भीतीचा वाटतो.

उत्तरवारा:
वर छान सांगितलंय, फक्त ही कॅप मोजतं कोण ते सांगायला हवं. फुगे मोजतात. हायड्रोजन किंवा हीलियमचा फुगा, खाली रेडिओसाँड नावाची छोटी डबी, जवळपास ३० किलोमीटर उंचीपर्यंत जाते आणि वाटेत तापमान, ओलावा, वारा पाठवत राहते. जगभर सहसा दिवसातून दोनदा, ०० आणि १२ यूटीसीला (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ). अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला, आणि वादळं फुटतात बरोब्बर मधल्या वेळात! म्हणून धोक्याच्या दिवशी दुपारी जादा फुगा सोडतात.

आणि इथे राजकारण येतंच, टाळता येत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत कर्मचारी कपात झाली आणि मार्चमध्ये, म्हणजे ऐन सीझनच्या तोंडावर, माणसं नाहीत म्हणून ओमाहा आणि रॅपिड सिटीचे फुगे थांबवले, आणखी काही ठिकाणी दोनाचा एक केला. ज्या मैदानांवर ही वादळं जन्मतात तिथलीच मापं कमी करायची हा निर्णय मला तरी अजिबात पटत नाही, सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

साधीसरळ:
पण खर्चाचा हिशोब कुणीतरी करणारच ना, लोकांच्याच टॅक्सचा पैसा आहे. शिवाय आता खाजगी अ‍ॅप्स आहेत, उपग्रह आहेत, एआय मॉडेल्स आहेत. सगळं सरकारनेच का करायचं?

उत्तरवारा:
हिशोब जरूर करा. पण त्या अ‍ॅप्सचा अंदाज मुळात याच सरकारी फुगे, रडार, उपग्रहांवर चालतो, एआय मॉडेलसुद्धा जुन्या मोजमापांवरच शिकलेलं असतं. उपग्रह वरून बघतो, दीड-दोन किलोमीटरवरचा तो पातळ गरम थर त्याला फुग्याइतका स्वच्छ दिसत नाही. मापच नसेल तर अ‍ॅप कितीही चकाचक असो, काय दाखवणार?

आणि सरकारी धोरणाने किती फरक पडतो बघा. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडोने विमानांची वाट लावली. तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी २५ मार्चला तशीच परिस्थिती दिसल्यावर थेट टोर्नेडोचा अंदाज दिला, आणि त्याच संध्याकाळी तळावर पुन्हा टोर्नेडो आला. तो अंदाज सैन्यापुरता होता. लोक घाबरतील म्हणून सरकारी हवामान खातं त्या काळी जनतेला असा इशारा द्यायचं टाळायचं, १९५० मध्ये जाऊन ते धोरण बदललं.

निरभ्र:
हे फारच उपयोगी आहे, धन्यवाद. मग रोजच्या दिवशी मी नेमकं बघायचं काय? रडार अ‍ॅप पुरेसं आहे का?

ढगवेडा:
रडार बघाच, पण रडारपासून तुम्ही किती लांब आहात हेही बघा. सगळ्यात खालचा किरणसुद्धा सहसा अर्धा डिग्री वर कललेला असतो, १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर उंच गेलेला असतो, त्याखालचं त्याला दिसत नाही. सकाळी पाऊस पडून गेला असेल तर त्याची थंड हवा कुठपर्यंत पसरली ते उपग्रहाच्या चित्रात शोधा, त्या सीमेवर दुपारी नवीन वादळ उठायची शक्यता जास्त. गडगडाट ऐकू आला की मात्र अ‍ॅप बघत बसू नका, आत जा, वीज वादळापासून १५-१६ किलोमीटर लांबही पडते. मॅच रद्द करायची की नाही ते सकाळच्या नकाशावरून ठरवू नका, नॉर्मनचा नकाशा १६:३० आणि २० यूटीसीला पुन्हा निघतो, म्हणजे मधल्या पट्ट्यात उन्हाळी वेळेप्रमाणे साडेअकरा आणि तीन, त्यात कॅपबद्दल काय लिहिलंय ते वाचून मग ठरवा.