लोडशेडिंगच्या गावात इनिट बदलताना

लिनक्समधलं इनिट, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वात आधी चालून बाकी सेवा चालू करणारा प्रोग्राम, बदलण्याच्या या चर्चेत कुणीतरी सुचवलंय: आधी सिस्टमडी हे सध्याचं इनिट पूर्ण काढा, मग सिसव्हीइनिट हे दुसरं इनिट टाका. हा क्रम उलटा आहे. डेबियन या लिनक्समध्ये सिसव्हीइनिट-कोर हे पॅकेज टाकलं की सिस्टमडीला इनिट म्हणून लावणारं सिस्टमडी-सिसव्ही निघतं. मूळ सिस्टमडी डिस्कवर राहते. मशीन नव्या इनिटवर नीट उठेपर्यंत तिला हात लावू नका, परतीची वाट तीच आहे. नाहीच उठलं, तर ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाचा बूट मेनू) 'ई' दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'इनिट=' लिहून पुढे सिस्टमडीचा पूर्ण मार्ग द्या. तेवढ्या वेळेपुरतं जुनं इनिट चालतं.

लाइटचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, डाउनलोड आणि बदल एका दमात करूच नये. ॲप्टला (पॅकेजेस टाकणारं-काढणारं साधन) 'डाउनलोड-ओन्ली' सांगून पॅकेजेस आधी उतरवा. मग '-एस' लावून, खरा बदल न करता, रंगीत तालीम घ्या आणि काय निघणार ती यादी शेवटपर्यंत वाचा. त्यात डेस्कटॉप दिसला तर थांबा. बहुतेक वेळा लिबपॅम-ईलॉगइनडी (सिस्टमडीशिवाय लॉगइन सांभाळणारं पॅकेज) त्याच आज्ञेत जोडायचं राहिलेलं असतं. इन्व्हर्टर नसेल तर लाइट असण्याच्या वेळेतच हात घाला. मध्येच गेली, तर घाबरून पुन्हा फॉरमॅट मारू नका: ग्रबमधल्या रिकव्हरी मोडमध्ये डीपीकेजीला (ॲप्टच्या खाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारं साधन) 'कॉन्फिगर -ए' द्या, अर्धवट राहिलेलं काम बहुधा तिथूनच पूर्ण होतं.