वर्डमधील मोठा तक्ता मॅक्रोने भरताना फार वेळ लागतो. तो कसा कमी करावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या दूध संस्थेत दर दहा दिवसांनी उत्पादकांच्या बिलांची यादी एक्सेलमधून वर्डच्या ठरावीक नमुन्यात न्यावी लागते. यादीत सुमारे ९०० ओळी आणि ८ रकाने असतात: खाते क्रमांक, उत्पादकाचे नाव, लिटर, सरासरी फॅट, एसएनएफ (दुधातील फॅट सोडून इतर घन पदार्थ), रक्कम, कपात आणि निव्वळ देय. शीर्षकाच्या दोन ओळींत काही सेल एकत्र केलेले आहेत. एक्सेलमधून चालणारा माझा मॅक्रो (कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) ओळ आणि रकाना यांच्या क्रमांकाने एकेक सेल गाठतो, त्यात मजकूर लिहितो, फॉन्ट लावतो आणि पुढे जातो. सुरुवातीच्या ओळी झरझर भरतात, पण पुढे गती इतकी मंदावते की वर्ड बंद पडले की काय अशी शंका येते. स्क्रीनअपडेटिंग (काम चालू असताना पडदा ताजा करत राहणे) बंद ठेवूनही फारसा फरक पडला नाही. नवा संगणक घ्यावा, की मॅक्रोची पद्धतच बदलावी?

पहिला प्रतिसाद

संगणक बदलण्याचा खर्च करू नका, कारण अडचण मॅक्रोच्या पद्धतीत आहे. वर्डचा तक्ता एक्सेलसारखा पत्त्यांवर बांधलेला नसतो. तो मुळात सलग मजकुराचा भाग असल्याने एखादा सेल क्रमांकाने मागितला की वर्डला तो शोधून काढावा लागतो आणि तक्ता जितका लांब, तितका हा शोध महागात पडतो. त्यातच एक्सेल आणि वर्ड हे दोन स्वतंत्र प्रोग्राम असल्यामुळे प्रत्येक सूचना एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन परत येते. आपले ७,२०० सेल आहेत आणि प्रत्येकावर मजकूर व फॉन्ट अशी दोन कामे आहेत, म्हणजे किमान १४,४०० फेऱ्या झाल्या.

दुसरे कारण ऑटोफिटचे आहे. ते चालू असेल तर मजकूर बदलताच वर्ड रकान्यांची रुंदी पुन्हा ठरवायला घेते, म्हणून तक्त्याचे अलाउऑटोफिट आधी बंद करावे. दस्तऐवज ड्राफ्ट दृश्यात नेऊन पार्श्वभूमीत चालणारी पानांची मांडणीही थांबवावी. प्रिंट लेआउट दृश्यात ती थांबवता येत नाही. ट्रॅक चेंजेस चालू राहिले असेल, तर प्रत्येक बदलाची नोंद होत राहते, हेही एकदा तपासून पाहावे.

दुसरा प्रतिसाद

वरील उपाय योग्यच आहेत, परंतु माझ्या मते इथे सेलमागून सेल भरण्याची पद्धतच सोडून द्यायला हवी. एक्सेलमधील संपूर्ण पट्टा एकाच वेळी अॅरेमध्ये (मेमरीतील मूल्यांच्या यादीत) वाचून घ्यावा. मग त्या अॅरेतून एकच लांब मजकूर तयार करावा, ज्यात दोन रकान्यांमध्ये टॅब आणि दोन ओळींमध्ये परिच्छेदखूण असेल. तो मजकूर वर्डमध्ये एकदाच टाकून कन्व्हर्टटूटेबल या आज्ञेने त्याचा तक्ता करावा. हजारो फेऱ्यांचे काम मोजक्या फेऱ्यांत होते.

इथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. नावाच्या सेलमध्ये कोणी ऑल्ट-एंटर दाबून दोन ओळी केल्या असतील, तर ती खूण आधी काढून तिथे मोकळी जागा ठेवावी. अन्यथा तिथेच ओळ तुटते आणि पुढची सगळी माहिती भलत्याच रकान्यांत सरकते. बिलाच्या यादीत असे होणे म्हणजे एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावासमोर दिसणे, म्हणून ही पायरी वगळू नये. शिवाय सेलचा व्हॅल्यू हा गुणधर्म वापरून वाचलेल्या आकड्यासोबत एक्सेलमधील दर्शनी स्वरूप येत नाही, तेव्हा फॅट आणि रकमेचे दशांश मजकूर तयार करतानाच ठरवून घ्यावेत.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. ही पद्धत पटली, मात्र दोन शंका उरतात. शीर्षकातील सेल एकत्र हवेत आणि ते शीर्षक प्रत्येक पानावर यायला हवे. तसेच मॅक्रोमधून फॉन्टचा आकार ११ केला तरी मराठी नावे जुन्याच आकाराची राहतात, ते का?

दुसरा प्रतिसाद देणारे

पहिल्या शंकेचे उत्तर कामाच्या क्रमात आहे. उभे सेल एकत्र केलेल्या तक्त्यात वर्ड एकेक ओळ सुटी हाताळू देत नाही, आणि आडवे सेल एकत्र केले की रकान्यांबाबतही तीच अडचण येते. म्हणून शीर्षकाच्या दोन ओळी त्याच लांब मजकुराच्या सुरुवातीला घ्याव्यात. तक्ता तयार झाला की आधी रकान्यांची रुंदी ठरवावी, नंतर पहिल्या दोन ओळींना हेडिंगफॉरमॅट (ओळ प्रत्येक पानावर शीर्षक म्हणून दाखवणारा गुणधर्म) लावावे आणि सेल एकत्र करण्याचे काम अगदी शेवटी करावे. क्रम उलटा झाला तर मॅक्रो मध्येच त्रुटी दाखवून थांबेल.

फॉन्टच्या बाबतीत, वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानते आणि तिच्यासाठी वेगळे गुणधर्म ठेवते. साइझ आणि नेम या नेहमीच्या गुणधर्मांचा मराठी अक्षरांवर परिणाम होत नाही. त्यासाठी साइझबाय आणि नेमबाय वापरावे लागतात. त्याहून चांगले म्हणजे नमुन्यातच तक्त्यासाठी एक परिच्छेद शैली करून तिच्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट विभागात फॉन्ट आणि आकार ठरवून ठेवावा, आणि तक्ता करण्यापूर्वी संपूर्ण मजकुराला ती एकदाच लावावी.

तिसरा प्रतिसाद

लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी एक पुरवणी: तिथे तक्त्याला सेटडेटाअॅरे देऊन सर्व माहिती एकाच वेळी भरता येते. मात्र दिलेल्या माहितीच्या ओळी आणि रकाने तक्त्याशी तंतोतंत जुळावे लागतात. पडद्यावरील बदल तात्पुरते थांबवण्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी लॉककंट्रोलर्स आणि संपल्यावर अनलॉककंट्रोलर्स वापरावे. मध्येच त्रुटी आली तरी अनलॉकची ओळ चालेल अशी रचना करावी, नाहीतर खिडकी गोठलेलीच राहते.