मदत हवी आहे: एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्टच्या पोर्टफोलिओत काय ठेवावे, काय काढावे?
नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि गेम स्टुडिओत एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट (गेममधील परिसर व वास्तू घडवणारा कलाकार) म्हणून पहिली नोकरी शोधत आहे. आर्टस्टेशन या कलाकारांच्या संकेतस्थळावरील पोर्टफोलिओ जोडून अर्ज करतो, परंतु अद्याप मुलाखतीपर्यंत मजल गेलेली नाही, म्हणून या क्षेत्रातील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

माझे मुख्य काम म्हणजे पेशवेकालीन वाड्याचा चौक: सागवानी सुरूदार खांब, दगडी जोते, ओसरी आणि मधोमध तुळशीवृंदावन. मॉडेलिंग ब्लेंडरमध्ये, टेक्स्चर (पृष्ठभागाचा रंग व पोत) सबस्टन्स पेंटरमध्ये आणि प्रकाशयोजना अनरियल इंजिन ५ मध्ये केली असून खांब व तुळयांवरील सगळे कोरीवकाम एकाच ट्रिम शीटवर (अनेक भागांवर पुन्हा वापरता येणाऱ्या पट्ट्यांच्या टेक्स्चरवर) बसवले आहे. सध्या पोर्टफोलिओत त्याची फक्त अंतिम चित्रे आहेत. नुसत्या चित्रावरून ते दृश्य प्रत्यक्ष गेममध्ये सुरळीत चालेल की नाही हे कळत नाही, त्यामुळे वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी), यूव्ही मांडणी (मॉडेलचा पृष्ठभाग टेक्स्चरसाठी सपाट उलगडून केलेली मांडणी) आणि टेक्सेल डेन्सिटी (पृष्ठभागाच्या ठरावीक मापात टेक्स्चरचे किती पिक्सेल येतात ते) दाखवणे मला आवश्यक वाटते. मात्र ते प्रत्येक चित्राखाली द्यावे की शेवटी एकत्र? शिवाय नॅनाइट (अतिशय बारकाव्यांची मॉडेल्स हाताळणारी अनरियल इंजिन ५ मधील प्रणाली) वापरले असताना मोबाइल गेम करणाऱ्या स्टुडिओंसाठी त्याच चौकाची कमी पॉलिगॉनची (मॉडेल ज्या बहुभुजांनी बनते ते कमी असलेली) आवृत्तीही जोडावी का?

पोर्टफोलिओत पात्रांची काही स्कल्प्टही (डिजिटल शिल्पे) आहेत. ती मनापासून केलेली आहेत, तरी एन्व्हायर्न्मेंटच्या जागेसाठी अर्ज करताना ती काढून टाकणेच योग्य, असे माझे मत होत चालले आहे. ज्यांनी स्वतः उमेदवारांची निवड केली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.