मुलाखतीत अनपेक्षित प्रश्न आला की बहिणीला काही सुचत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि कामाला पक्की आहे. तांत्रिक फेरी आरामात पार करते. घोडं पेंड खातं ते पुढच्या फेरीत, "असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा..." असे प्रश्न सुरू झाले की.

मी घरी तिचा सराव घेते. परवा विचारलं, "मॅनेजरचं म्हणणं पटलं नाही, असं कधी झालं?" माझा प्रश्न पुरता संपायच्या आत ही बोलायला लागली, "मी सगळ्यांशी जुळवून घेते, मला वाद आवडत नाहीत..." बराच वेळ बोलली, पण प्रसंग एकही नाही. आणि रात्री जेवताना सहज म्हणते, "अगं, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी मी मंजुरी द्यायला नकार दिला होता की! ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात होते." तिने रेकॉर्डिंग दाखवून मॅनेजरला पटवलं आणि रिलीज पुढे ढकललं गेलं. इतकं छान उत्तर जवळ असून ऐन वेळी आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

'स्टार' पद्धत आम्हाला माहीत आहे: परिस्थिती, जबाबदारी, आपण काय केलं, परिणाम. पण ती प्रसंग आठवल्यावर कामाची. 'शहरात पियानो ट्यूनर किती असतील?' असल्या अंदाजाच्या प्रश्नांना ती घाबरत नाही. लोकसंख्येपासून सुरुवात करून मोठ्याने हिशोब मांडत जाते. शिवाय असल्या कोड्यांचा भरती करताना काही उपयोग होत नाही, असं गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनीच 2013 मध्ये सांगितलं होतं, म्हणून त्यात फार वेळ घालवत नाही.

मला विचारायचंय ते हे: विचार करायला किती वेळ घेतला तर चालतो? आणि विचारलेला अनुभव खरंच नसेल तर काय सांगायचं? तिने खोटं बोलावं असं मला अजिबात वाटत नाही.

प्रतिसाद १

मी मुलाखती घेतो. "जरा आठवून सांगते" म्हणून दहा-पंधरा सेकंद गप्प बसलेलं आम्हाला खटकत नाही, तेवढ्यात आमचं टिपण लिहून होतं.

उत्तरं पाठ करून घेऊ नका. प्रश्न थोडा फिरवला की पाठांतर कोसळतं. त्यापेक्षा तिच्या कामातले सहा-सात प्रसंग निवडा आणि प्रत्येक चार ओळींत लिहून काढा. तुम्ही सांगितलेला पैशांचा प्रसंगच बघा: मतभेद, दबाव, जोखमीचा निर्णय, यातलं काहीही विचारलं तरी तो चालतो. प्रश्न आल्यावर तिने "उत्तर काय देऊ?" असं नाही, तर "यातला कुठला प्रसंग?" असं स्वतःला विचारायचं. बऱ्याच ठिकाणी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देतात. "मी जुळवून घेते" या वाक्याला गुण द्यायचे तरी कशाचे?

अनुभव नसेल तर सरळ सांगावं, "असं अजून घडलेलं नाही, पण जवळपासचं एक सांगते." रचलेली गोष्ट "मग ते नेमकं काय म्हणाले?" या पुढच्याच प्रश्नाला उघडी पडते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. प्रश्न खरोखर संदिग्ध असेल तर "कामाच्या पद्धतीवरून मतभेद, की निर्णयावरून?" असं विचारून घ्यावं, पण दरवेळी नको, टाळाटाळ वाटते. आणि सराव तिच्या ओळखीच्या नसलेल्या कुणाकडून तरी करून घ्या. ताईसमोर बसणं वेगळं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्रसंगांची यादी आजच करायला बसतो. एक राहिलंच: तिची पुढची मुलाखत व्हिडिओ कॉलवर आहे. तिथे गप्प राहिलं तर समोरच्याला नेट गेलं असं वाटतं. अशा वेळी काय करावं?